तीन पाखाड्या, दोन वाड्या

पत्र

बाई, मी देवगड तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्किटच्या गणितांत माझं डोकंच चालत नाही. सोबत दोन आकृत्यांचे फोटो पाठवते. पहिलीत 9 व्होल्टची बॅटरी आहे, तिच्यापुढे 1 ओहम, मग एका ओळीत 6, 12 आणि 4 ओहम, आणि तिथून बॅटरीकडे परत. शिवाय दोन तारा वरून-खालून फिरवल्या आहेत. एक 6 च्या आधीपासून 12 च्या नंतरपर्यंत, दुसरी 6 च्या नंतरपासून 4 च्या शेवटापर्यंत. विचारलंय, 12 ओहममधून किती धारा जाते? मला 0.39 अँपिअर येतं, पुस्तकात उत्तर 0.5 आहे. दुसऱ्या आकृतीत पाच रोधांची चौकट आहे, तिथे तर सुरुवातच होत नाही. सर म्हणतात सराव कर. चाळीस गणितं केली, तरी तेच. बाबा मासेमारीला जातात. ते म्हणतात, "जमत नाय तर सोड गो." सोडू का? कृपया नाव छापू नका.

उत्तर

प्रिय मुली,

तुझं 0.39 बघितल्याबरोबर तू काय केलंस ते कळलं. 1, 6, 12 आणि 4 यांची बेरीज 23. नऊला तेविसाने भागलं की 0.39. भागाकार बरोबर, ओहमचा नियम बरोबर, दशांश चिन्हसुद्धा जागेवर. चूक एकाच ठिकाणी आहे आणि ती पेन उचलण्याच्या आधीची आहे. चार रोध ओळीने काढलेले दिसले, म्हणून तू ते एकसर धरलेस. सरावाने ही चूक जात नाही, उलट पक्की होते. म्हणून तुझी चाळीस गणितं वाया गेली. त्यात तुझ्या डोक्याचा दोष नाही.

मला यात शब्दांचाही थोडा हात दिसतो. शाळेत आपण "एकसर" आणि "समांतर" शिकतो. एकसर म्हटलं की एका सरात ओवलेले मणी डोळ्यांपुढे येतात, समांतर म्हटलं की भूमितीतल्या दोन रेषा. मग मुलं आकृतीत मणी आणि रेषा शोधत बसतात. इंग्रजीतले सिरीज आणि पॅरलल हे शब्दही तोच भ्रम देतात, त्यामुळे माध्यम बदलून काही सुटत नाही. विजेला मात्र आकृती दिसत नाही. कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडलंय, एवढंच तिच्या दृष्टीने खरं.

आता आकृती बाजूला ठेव आणि आपल्याकडच्या एखाद्या उतारावरच्या गावाचा विचार कर. वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी. वाड्यांमधून उतरायला जांभ्या दगडांच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा. कुठली रुंद आणि सोपी, कुठली अरुंद आणि अवघड. सर्किटातला प्रत्येक रोध म्हणजे दोन वाड्यांमधली एक पाखाडी. जितके ओहम जास्त, तितकी पाखाडी अरुंद. आणि साधी तार? ती पाखाडी नव्हेच. ती वाडीतली सपाट जमीन. तिच्यावरून कितीही लांब गेलं तरी उंची बदलत नाही, आणि सर्किटात उंची म्हणजे विभव, जे आपण व्होल्टमध्ये मोजतो. वाडीचं एक घर आंब्याच्या बागेजवळ आणि दुसरं पार देवळाजवळ असलं, तरी वाडी एकच. तसंच तारेची दोन टोकं कागदावर एकमेकींपासून कितीही लांब असोत, विजेच्या लेखी ती एकच जागा. (खऱ्या तारेला थोडा रोध असतोच, पण पुस्तकातल्या गणितात तो शून्य धरतात.)

तुझ्या पहिल्या आकृतीत हे करून बघू. पेन्सिल घेऊन बॅटरीच्या धन टोकापासून तारेवरून निघ. रोध लागेपर्यंत जे जे लागेल त्याला "क" म्हण. 1 ओहमची पाखाडी उतरलीस की नवी वाडी, ती "ख". आता ख मधून तारांवरूनच जिथे जिथे जाता येईल तिथे तिथे जा, आणि तिथेही "ख" लिही. इथेच तुझा घोटाळा सुटतो. वरून फिरवलेली तार 6 च्या आधीपासून निघून 12 च्या पलीकडे उतरते. म्हणजे 12 आणि 4 यांच्या मधला बिंदूसुद्धा ख च आहे! तसंच बॅटरीच्या ऋण टोकापासून उलट ये. 4 चा शेवट "ग", आणि दुसऱ्या तारेवरून गेलीस की 6 आणि 12 यांच्या मधला बिंदूही "ग". वाड्या किती झाल्या? तीनच. क, ख, ग.

आता प्रत्येक रोधाचा पत्ता लिही. 1 ओहम: क ते ख. 6 ओहम: ख ते ग. 12 ओहम: ग ते ख. 4 ओहम: ख ते ग. कागदावर माळेसारखे एका रांगेत बसलेले 6, 12 आणि 4 हे तिन्ही त्याच दोन वाड्यांमधल्या पाखाड्या आहेत. समांतर याचा अर्थ एवढाच: दोन्ही टोकं सामाईक. रेषांचा तिथे काहीच संबंध नाही.

एकसरची कसोटी वेगळी आहे. दोन रोधांच्या मधल्या वाडीला तिसरी वाट फुटते का, हे बघायचं. फुटत नसेल, तर पहिली पाखाडी उतरलेल्या प्रत्येकाला दुसरी उतरावीच लागते, म्हणजे ते एकसर. तिसरी वाट असेल तर ते एकसर नाहीत, मग कागदावर कितीही सरळ दिसोत. तुझ्या आकृतीत 6 आणि 12 यांच्या मधल्या बिंदूवर एक तार येऊन टेकली आहे. तीच तिसरी वाट.

पत्ते हातात आले की जुनी आकृती झाकून ठेव आणि नवी काढ. वर क, मध्ये ख, खाली ग. आता हिशेब दोन मिनिटांचा. 6, 12 आणि 4 समांतर, म्हणून 1/6 अधिक 1/12 अधिक 1/4, म्हणजे 6/12. उलटं केलं की 2 ओहम. त्यात वरचा 1 मिळवला की 3 ओहम. 9 व्होल्ट भागिले 3, एकूण धारा 3 अँपिअर.

इथवर नीट आलेली मुलंही पुढे हमखास घसरतात. वर्गात याच गणिताला मला नेहमी दोन चुकीची उत्तरं मिळायची. एक 3 अँपिअर. एकूण धाराच 12 ओहमच्या नावावर लिहून मोकळं व्हायचं. दुसरं 0.75, म्हणजे 9 भागिले 12. बॅटरीचे सगळे नऊ व्होल्ट एकट्या 12 ओहमला देऊन टाकायचे. दोघांचीही परतीची वाट चुकली. आपण तीन पाखाड्यांची मिळून एक कल्पित पाखाडी केली, 2 ओहमची. उत्तर हवंय ते खऱ्या पाखाडीचं, तेव्हा आलो त्याच वाटेने मागे फिरायला हवं. क ची उंची 9. 3 अँपिअर 1 ओहममधून उतरले की 3 व्होल्ट गेले, म्हणून ख ची उंची 6. ग ची शून्य. 12 ओहमच्या दोन टोकांमध्ये 6 व्होल्ट. सहा भागिले बारा, 0.5 अँपिअर. पुस्तकातलं उत्तर आलं.

पडताळा घ्यायची सवय लाव. 6 ओहममधून 1 अँपिअर, 4 मधून 1.5, 12 मधून 0.5. बेरीज 3. ख वाडीत जितके आले तितकेच बाहेर पडले. हाच किरचॉफचा पहिला नियम. त्याने तो 1845 साली मांडला तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, तुझ्यापेक्षा फार मोठा नव्हे.

याच गणितातली एक गोष्ट मला फार आवडते. 6 ओहम म्हणजे 12 ओहमच्या दोन समांतर पाखाड्या. 4 ओहम म्हणजे तशाच तीन. मग ख आणि ग मध्ये एकूण सहा सारख्या पाखाड्या आहेत असं समज. 3 अँपिअरचे सहा सारखे वाटे केले की प्रत्येकी अर्धा. 12 ओहमला एक वाटा, 6 ला दोन, 4 ला तीन. अपूर्णांक नाही, समीकरण नाही! प्रत्येक वेळी आकडे इतके सोयीचे नसतात, पण शोधून बघायला काय हरकत आहे?

आणखी एक बघितलंस का? 12 ओहमची डावी बाजू ग, उजवी ख. म्हणजे त्याच्यातून धारा उजवीकडून डावीकडे वाहते, शेजारच्या दोघांच्या बरोबर उलट. आकृतीवर विश्वास ठेवणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

हे हाताने करून बघ. घरच्या 230 व्होल्टच्या लाइनला बोटही लावायचं नाही. 9 व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी घे. ओहममधले रोध मात्र नकोत. 12 ओहमवर 6 व्होल्ट म्हणजे 3 वॅट उष्णता होते, पाव वॅटचा छोटा रोध त्यात करपून जाईल. आकडे हजारपट कर, किलोओहम घे, धारा मिलिअँपिअरमध्ये येईल. 6 आणि 4 किलोओहमचे रोध दुकानात सहज मिळत नाहीत, पण 12 चे मिळतात: तपकिरी, लाल, नारिंगी पट्ट्यांचे. तसे सहा आण. दोन जोडून 6 होतील, तीन जोडून 4. वरचा 1 किलोओहम वेगळा, त्याचे पट्टे तपकिरी, काळा, लाल. पुस्तकातल्या आकृतीसारखं, वेड्यावाकड्या तारा फिरवूनच जोड. मग मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून 12 किलोओहमच्या दोन्ही टोकांना लाव. सहाच्या आसपास आकडा येईल. नवी बॅटरी जरा जास्त दाखवते, जुनी कमी, त्याने बिचकू नकोस. आकृतीत तू जिला "आधीची" बाजू समजत होतीस, तिथे मल्टिमीटरची लाल सळी लावल्यावर ऋण चिन्ह दिसलं तर मला नक्की कळव.

बाबांच्या होडीवर बॅटरीवरचे दिवे असतील तर तेही बघून ये. दिवे कुठेही लटकत असोत, केबिनवर, नाळेवर, इंजिनापाशी, सगळ्यांचे पत्ते तेच: ख ते ग. आणि बॅटरीच्या टर्मिनलवर खाऱ्या हवेने चढलेला हिरवट-पांढरा थर, तो तुझा 1 ओहम. खरा इतका मोठा नसतो, पण जागा तीच. स्टार्टर मारला की दिवे मंद होतात, ते बाबा रोज बघत असतील. स्टार्टर एक भली रुंद पाखाडी उघडतो, टर्मिनलवरून आणि बॅटरीच्या आतल्या रोधातून खूप धारा ओढली जाते आणि ख ची उंची खाली येते. तुझ्या गणितात हेच उलट करून बघ. 4 ओहम काढून टाक. 6 आणि 12 चे 4 होतात, एकूण 5, धारा 1.8, ख ची उंची 7.2, आणि 12 ओहममधून 0.6. आपण 12 ला हातही लावला नाही, तरी त्याची धारा बदलली. म्हणून कुठल्याही रोधाची धारा त्याच्या एकट्याकडे बघून काढता येत नाही. दिवे का मंद होतात, हे बाबांना तूच समजावून सांग. सोडायचं की नाही ते मग दोघं मिळून ठरवा.

आता दुसरी आकृती. इथे सुरुवात होत नाही हे तुझं म्हणणं बरोबर आहे, कारण या चौकटीत एकसर कोणी नाही आणि समांतरही कोणी नाही. पत्ते लिहिलेस की तूच बघशील. 12 व्होल्टची बॅटरी. वरची वाडी "व", खालची "ख", मध्ये डावी "ड" आणि उजवी "उ". व ते ड 3 ओहम, ड ते ख 6. व ते उ 12 ओहम, उ ते ख 4. आणि ड ते उ 15 ओहम, ज्याची धारा हवी आहे. कुठल्याही दोघांची दोन्ही टोकं जुळत नाहीत, आणि ड ला आणि उ ला प्रत्येकी तीन वाटा आहेत. हाच व्हीटस्टनचा सेतू, फक्त तोल गेलेला.

अशा वेळी ज्या रोधाची धारा हवी तोच उचलून बाजूला ठेवायचा. वाटतं विचित्र, पण हीच किल्ली. ड आणि उ मधली पाखाडी बंद कर. आता डावीकडे 3 आणि 6 खरोखर एकसर झाले, कारण ड ची तिसरी वाट गेली. 12 व्होल्टपैकी तीन भागांतला एक भाग 3 ओहमवर जाईल, म्हणून ड ची उंची 8. उजवीकडे 12 आणि 4, तिथे उ ची उंची 3. दोघांतला फरक 5 व्होल्ट.

पुढचा प्रश्न: ड आणि उ या दोन टोकांतून आत डोकावलं तर किती रोध दिसतो? यासाठी बॅटरी काढून तिच्या जागी साधी तार आहे असं समज. कागदावरच हं, खऱ्या बॅटरीची टोकं तारेने कधी जोडायची नाहीत. तार आली की व आणि ख एकच वाडी. मग 3 आणि 6 या दोघांचीही टोकं ड आणि ती वाडी, म्हणून समांतर: 2 ओहम. 12 आणि 4 तसेच समांतर: 3 ओहम. ड पासून उ पर्यंत 2 अधिक 3, म्हणजे 5 ओहम. त्या सगळ्या चौकटीचं उरलं काय, तर 5 व्होल्टची एक बॅटरी आणि तिच्यापुढे 5 ओहम. आता बाजूला ठेवलेला 15 परत लाव. 5 भागिले 20, 0.25 अँपिअर, ड कडून उ कडे.

याला थेवेनिनचं प्रमेय म्हणतात. थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला अभियंता, त्याने ते 1883 मध्ये मांडलं. त्याच्या तीस वर्षं आधी जर्मनीत हेल्महोल्ट्झने हीच कल्पना लिहून ठेवली होती. तुझ्या पुस्तकात ते पाच पायऱ्यांत छापलेलं असेल. पायऱ्या पाठ करू नकोस. "रोध उचल, उंचीतला फरक बघ, आत डोकाव, रोध परत ठेव" एवढं मनात असलं की परीक्षेत 15 च्या जागी 40 ओहम दिला तरी चौकटीला पुन्हा हात लावावा लागत नाही. 5 भागिले 45 केलं की झालं. मेश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक बंद फेऱ्याचं एक समीकरण मांडून, हेच करायला तीन समीकरणं लागतात, आणि रोध बदलला की ती पुन्हा सोडवावी लागतात. धारा एकाच रोधाची हवी असेल तर मी तरी मेशच्या वाटेला जात नाही. सगळ्या रोधांच्या धारा विचारल्या असतील तर मात्र मेशच बरं.

पडताळा इथेही घे. 15 ओहम परत लावल्यावर ड 8 वर राहत नाही, 7.5 वर येतो, आणि उ 3 वरून 3.75 वर चढतो. ड मध्ये वरून 1.5 अँपिअर येतात, खाली 1.25 जातात, उरलेले 0.25 उ कडे. उ चा हिशेब तू कर, जुळतो.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: या कारणासाठी सोडू नकोस. घरच्या खर्चाचं किंवा दुसरं काही कारण असेल तर वेगळं पत्र लिही, त्यावर वेगळं बोलू. मी या विषयात इतकी वर्षं मुलं बघितली. जी मुलगी आपली चूक आकड्यांसकट, तारा कुठून कुठे जातात हे न चुकता सांगून लिहू शकते, तिला सर्किट कळत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. तुझ्या पत्रातलं वर्णन वाचूनच मी आकृती काढली, फोटो नंतर उघडला. दोन्ही सारख्याच निघाल्या.

आता चाळीस गणितं नकोत. रोज एकच कर. पहिली पाच मिनिटं फक्त वाड्यांना नावं आणि रोधांचे पत्ते, आकडेमोड नाही. रंगीत पेन्सिली असतील तर प्रत्येक वाडीला एक रंग दे. आज याच चौकटीतला 4 ओहम काढून तिथे 24 ओहम लाव आणि 15 ओहममधून किती धारा जाते ते काढ. उत्तर आलं की 15 च्या जागी 100 ठेवून पुन्हा काढ. दोन्ही उत्तरं मला पाठव, आणि ती तशी का आली तेही तुझ्या शब्दांत लिही.

तुझी,
बाई